फॉल उसवून घ्यावा

दुपारची जेवणं झाली की आमच्या घरात पंख्याचा आवाज मोठा होतो. मी आडवी झालेय. पाठ टेकलीय, पण डोकं अजून टेकलेलं नाही. ते खाली पार्किंगमध्ये, आमच्या पांढऱ्या गाडीपाशी उभं आहे. पाच वाजता शोरूमचे कुलथे येणार आहेत. जुनी देऊन नवी घ्यायची हे आमचं ठरलंय, आणि जुनीचे एक लाख नव्वद हे कुलथ्यांनी परवाच ठरवून टाकलंय. मुकुंद, म्हणजे माझा नवरा, त्यावर ‘बरं’ म्हणाला. मुकुंदनं आयुष्यात कधी रिक्षावाल्याशीसुद्धा घासाघीस केलेली नाही. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तर हाच माफी मागतो.

मला एक नव्वद पटत नाहीत. मुकुंदच्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसवत नाही. गावातून एक फेरी मारून आला की जिना चढताना कठडा धरतो, आणि मला कळू नये म्हणून कठड्याचं पॉलिश बघत असल्यासारखं करतो. बिनक्लचची गाडी मिळते, पण ती महाग. जुनीचे निदान दोन चाळीस आले तर ती, नाहीतर पुन्हा तोच क्लच आणि तोच कठडा. म्हणून सकाळी तो आंघोळीला गेल्यावर मी मिरजेच्या एका जुन्या गाड्या घेणाऱ्याला फोन केला. साडेपाचच्या सुमारास गाडी बघायला येतो म्हणालाय. हे मुकुंदला कसं सांगायचं, ते जुळवतेय, आणि जुळवता जुळवता पंख्याची पाती एकमेकांत विरघळतात.

“पाय घे गं जरा,” कुणीतरी म्हणतं.

मी पाय घेते. पलंगाच्या कडेवर आई बसतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असावं. पण आम्ही दोघीही तो विषय काढत नाही. नाकावर घसरलेला चष्मा, हातात अर्धं ब्लेड, मांडीवर कसलीतरी पांढरी घडी.

“काय देतोय तो?” आई विचारतात.

“एक नव्वद.”

“आणि मुक्या काय म्हणाला?”

“बरं म्हणाला.”

“बापावर गेलाय,” आई म्हणतात आणि मांडीवरची घडी झटकून उलगडतात. ती आमची गाडी आहे. आरसे, दारं, मागची काच, सगळं नीट घडीवर घडी घातलेलं, ट्रंकेतून काढलेल्या साडीसारखं. त्याला जरासा डांबराच्या गोळ्यांचा वाससुद्धा येतोय. मला यात काही वावगं वाटत नाही. उलट इतकी वर्षं ही गाडी पार्किंगमध्ये का लावत होतो, असं वाटतं. कपाटात मावली असती की.

पलंगाच्या जागी थंड फरशी लागते आणि आम्ही खणभागातल्या जुन्या भाड्याच्या जागेत, दाराशी बसलेल्या आहोत. हे दार आईंचं. महिन्या-दोन महिन्यांनी जिन्यातून बोहारीण हाक घालायची, आणि आई जुन्या साड्यांचं बोचकं घेऊन उंबऱ्याच्या आत, ती टोपलीभर भांडी घेऊन उंबऱ्याच्या बाहेर, असा सामना रंगायचा. एका पातेल्यापायी अर्धी दुपार. शेजारणी कामं टाकून बघायला यायच्या. मला मात्र त्या उंबऱ्यावर कधी बसायला मिळालं नाही. माझं काम चहाचं. “तुझ्या तोंडावर सगळं दिसतं,” आई म्हणायच्या, “तू आत बैस.” मी आत बसून ऐकायची. वीस वर्षं ऐकलं.

आजही मी सवयीनं उठते, चहाला.

“कुठं चाललीस?” आई पदराला धरून मला खाली बसवतात. उंबऱ्यावर. आणि स्वतः सरकून माझ्या मागं बसतात. “आता तू बोल. माझं तसंही तिला ऐकू जाणार नाही.”

समोर बोहारीण बसलीय. कपाळावर मोठं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि गळ्यात शोरूमचा ओळखपत्राचा पट्टा. टोपलीत नव्याकोऱ्या गाड्या एकात एक बसवून ठेवल्यात, पातेल्यांच्या उतरंडीसारख्या. सगळ्यांत वरच्या गाडीत मुकुंद बसलाय. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवतोय, तोंडानं हळूच इंजिनाचा आवाज काढतोय, आणि त्याच्या डाव्या पायाखाली काहीच नाही. पाय मजेत मोकळा ठेवून बसलाय.

“त्याला आधी बाहेर काढ,” आई माझ्या कानात म्हणतात. “पातेल्याला हात लावलेला तिनं बघितला की संपलं. मग ती साडीचं बोलतच नाही, पातेल्याचंच बोलत राहते.”

परवा शोरूममध्ये अगदी असंच झालं होतं. मुकुंद नव्या गाडीत बसला, सीट मागंपुढं करून झाली, लाल रंग आवडला म्हणून सांगून झालं, आणि मग कुलथ्यांनी प्रेमानं विचारलं, जुनी आहे का काही. मी मुकुंदचं कोपर धरून त्याला टोपलीतून उतरवते. तो जिन्यात जाऊन कठड्याचं पॉलिश बघू लागतो.

बोहारीण आमची गाडी दोन्ही हातांत ताणून उजेडाकडे धरते. विरलीय की ताई, म्हणते. हितं खरचटलंय. हितला रंग उडालाय. मी तोंड उघडते. मला सांगायचं असतं की डाव्या दाराचा तो ओरखडा मी पुढच्या आठवड्यात रंगवून घेणारच होते. पाठीमागून चिमटा बसतो. आईंचा चिमटा मेल्यानं बोथट झालेला नाही.

“रफू करायचं नाही,” त्या म्हणतात. “धुवायची, वाळवायची, घडी घालायची. रफू दिसलं की धड लुगडंही फाटकं वाटतं.”

म्हणून मी ओरखड्याबद्दल बोलत नाही. एका हातातली आहे, म्हणते. रोज पुसलेली आहे, म्हणते. माझा आवाज मला ओळखू येत नाही. तो संथ आहे. बोहारीण मान हलवते, एक लहानशी गाडी टोपलीतून काढून पुढं सरकवते. मी तिच्याकडे बघत नाही. न बघणं इतकं अवघड असतं, हे मला चहा करताना कधी कळलं नव्हतं.

“दुसरी बोहारीण जिन्यात असली पाहिजे,” आई पुटपुटतात.

“बोलावलीय,” मी म्हणते. “मिरजेची.”

मागं आई हसतात. ठसका लागेपर्यंत हसतात. त्यांच्या बांगड्या माझ्या पाठीवर वाजतात. “आणि मी हिला वीस वर्षं चहा करायला लावला,” त्या भिंतीला सांगतात.

जिना आता काचेचा झालाय. खाली रस्ता वाहतोय, आणि आम्ही दोघी गाडीत मागच्या सीटवर आहोत. आईंची जागा डावीकडची. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा त्या इथंच, मोरपंखी साडी नेसून, खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. गाडी कोण चालवतंय ते दिसत नाही, पण ती नीट चाललीय. आई खाली वाकून ब्लेडनं काहीतरी करताहेत. गाडीच्या खालच्या काठाला, दारांच्या आतून, मोरपंखी फॉल लावलेला आहे. आई तो उसवताहेत.

“आई, राहू दे. तेवढं जाऊ दे तिला.”

“का जाऊ दे?” त्या मान वर करत नाहीत. साडी बोहारणीला देताना त्यांनी फॉल कधी दिला नाही, शेजारणी हसल्या तरी. “फॉल साडीबरोबर आलेला असतो का? आपण लावलेला असतो. ज्यानं लावला त्याचा तो.”

“गाडीला कुठला आलाय फॉल?”

“आठ वर्षं विम्यावाल्यापुढं एकदा तरी हात पसरलात?”

नाही पसरला. बंपर फुटला तेव्हासुद्धा नाही; मुकुंदला कागदपत्रांचा कंटाळा, म्हणून खिशातनं भरले. त्यामुळं दर वर्षी विम्याचा हप्ता कमी कमी होत गेला. आणि परवा कुलथे म्हणाले होते, नव्या गाडीचा विमा आम्हीच करून देतो, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता.

“ती पुण्याई गाडीची नाही,” आई म्हणतात. “तुमची आहे. गाडी देताना ती काढून घ्यायची आणि नवीला लावायची.”

शेवटचा टाका कट्‌कन तुटतो. त्या उसवलेला दोरा ओढून सरळ करतात आणि नेहमीसारखा बोटाभोवती गुंडाळू लागतात. असला दोरा त्यांनी कधी टाकला नाही. शेवग्याच्या शेंगांची जुडी त्यानं बांधायच्या. पण आज त्या स्वतःच्या नाही, माझ्या बोटाभोवती गुंडाळताहेत.

“नाहीच जमलं तर?” मी विचारते.

“साडी उचलायची आणि आत जायचं. पाठ दाखवायची. बोलावते ती.” आणि मग, चष्म्यावरून बघत, “मुक्याचा गुडघा फार दुखतो का गं?”

मी हो म्हणायला तोंड उघडते आणि बेल वाजते.

पंखा फिरतोय. पलंगाची कड मोकळी आहे. मुकुंद दार उघडतोय, या या म्हणतोय. मी तोंडावर पाणी मारायला उठते, आणि नळाखाली हात धरल्यावर दिसतं: उजव्या हाताच्या तर्जनीला दोरा गुंडाळलेला आहे. मोरपंखी. टाक्यांचे बारीक वळसे अजून त्यात तसेच आहेत. या घरात तीन वर्षांत कुणी फॉल लावलेला नाही. मी तो सोडत नाही. तसाच ओला हात पुसते आणि बाहेर जाते.

कुलथे माणूस वाईट नाही. ते नव्या गाडीची रंगीत पत्रकं टेबलावर पसरतात. मी चहाचा ट्रे बरोबर त्या पत्रकांवर ठेवते. मुकुंद लाल रंगाचं काही बोलणार, तेवढ्यात चिवड्याची बशी त्याच्या हातात देते. आधी जुनीचं बोलू, म्हणते, आणि दोन पंचाहत्तर म्हणते. मुकुंदला चिवड्याचा ठसका लागतो. कुलथे दाराच्या ओरखड्याचं काढतात. हो, आहे, म्हणते, रंगवून झाकलेला नाही, बघून घ्या. ते दोन दहावर येतात. त्याच्यावर वरून परवानगी नाही म्हणतात.

“मग राहू दे,” मी म्हणते, टेबलावरची किल्ली उचलते आणि स्वयंपाकघराकडे चालू लागते. पाठीवर अजून कुणाच्या तरी बांगड्या वाजल्यासारखं होतं. आणि तेवढ्यात माझा फोन वाजतो. मिरजेचा माणूस आहे. कोपऱ्यावर आलोय, गेट कुठलं, विचारतोय. मी बाहेर ऐकू जाईल इतपत सांगते की पाचच मिनिटं थांबा.

“वहिनी,” कुलथे हाक मारतात.

दोन पंचेचाळीसवर मिटतं, आणि नवी बिनक्लचची घ्यायचं ठरतं. मिरजेच्या माणसाची मी फोनवर माफी मागते, आणि पुढच्या वेळी खरंच त्यालाच देईन असं मनाशी ठरवते. कुलथे पत्रकांवरून ट्रे उचलतात, पण मी त्यांना थांबवते. विम्याची सवलत आमची आहे, म्हणते. आठ वर्षांत एकदाही क्लेम केलेला नाही. जुनी देताना तसं पत्र घेणार, आणि नवीच्या विम्यात ती धरायची.

कुलथे ट्रे पुन्हा खाली ठेवतात. “हे कुणी सांगितलं, वहिनी?”

“घरातल्या मोठ्या माणसांनी.”

त्यांना दारापर्यंत सोडून मुकुंद परत येतो. खुर्चीत बसतो, डावा पाय लांब करून. बिनक्लचची, असं स्वतःशीच एकदा म्हणून बघतो. मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे जातं.

“बोटाला काय गुंडाळलंयस?”

“फॉलचा दोरा,” मी म्हणते. “साडी दिली. फॉल काढून घेतला.”

तो माझ्याकडे बघतो. मग दोऱ्याकडे. रंग त्याच्याही ओळखीचा आहे. तो माझा हात पुढं ओढून घेतो आणि सुटत आलेलं दोऱ्याचं टोक पुन्हा नीट आत खोचून देतो.