टेलरकाकूंचा पडदा

लायब्ररीवाले सर टेलरकाकूंच्या दुकानात पहिल्यांदा आले ते पडदा शिवायला टाकायला. पांढरा, दहा फूट रुंद, सात फूट उंच. गळ्यातली टेप सारखी करत काकूंनी विचारलं, "खिडकीला की दाराला?"

"भिंतीला," सर म्हणाले आणि आले तसे घाईघाईने निघूनही गेले.

भिंतीला पडदा! शिकलेल्या माणसांच्या डोक्यात कधी काय येईल याचा नेम नाही, असं पुटपुटत काकूंनी कापड काढलं. काम उरकायचं म्हणून करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुप्पट कापड घेऊन त्यांनी सुबक चुण्या घातल्या, वर पितळी कड्या लावल्या, खाली चार बोटं दुमड सोडली. सरांनी वाचनालयाच्या महोत्सवाच्या दिवशी सकाळी घडी उलगडली आणि ते मटकन खुर्चीत बसले. त्यांना सिनेमा दाखवायचा पडदा हवा होता.

"मग तसं सांगायचं की हो!" काकू कडाडल्या. "पडदा म्हणालात, मी पडदा शिवला."

हातात तीन तास होते. वाचनालयातली टेबलं एकत्र करून काकूंनी सगळ्या चुण्या उसवल्या, कापड मधून कापलं, उजेड आरपार जाऊ नये म्हणून एक अर्धं दुसऱ्याच्या मागे लावलं आणि इस्त्री फिरवली. चुण्यांच्या खुणा पुढे एकदोन धुण्यांत गेल्या. शिवण मात्र राहिली. कापडाचा पन्हाच पाच फुटांचा, त्यामुळे दोन पट्टे जोडण्यावाचून इलाज नव्हता, आणि तो जोड आला बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत.

हा महोत्सव म्हणजे कुठल्याच थिएटरात न लागणाऱ्या सिनेमांचा. कुणी शाळामास्तर, कुणी नर्स, कुणी पोस्टातल्या काउंटरवरची बाई. सुट्ट्या जमवून आपल्या जिवावर सिनेमे करणारी ही माणसं. पोस्टवालीने स्वतःच्या आईवर सिनेमा केला होता. आई स्वयंपाकघरात बसून मटार सोलतेय आणि बोलतेय, एवढंच. त्या दिवशी आईचा चेहरा पडद्यावर आला, आणि काकूंच्या शिवणीने तो कपाळापासून हनुवटीपर्यंत चिरला. पोस्टवाली उठली आणि तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली. मागच्या रांगेतून काकूंनी ते पाहिलं.

तेव्हापासून काकूंनी पोस्टाची पायरी चढणं सोडलं. पार्सल असलं की जाऊबाईंना पाठवायच्या.

"तुझे पाय मोडलेत का गं?" जाऊबाई विचारायच्या.

"गुडघे दुखतात," काकू म्हणायच्या. पायमशीन मात्र दिवसभर धडधडत असायचं.

पडद्याची जबाबदारी त्यांनी सोडली नाही. दर वर्षी तो धुवायचा, इस्त्री करायचा, चारी कोपरे ताणून बांधायचा आणि शेवटच्या खुर्चीत बसून राहायचं. अकरा वर्षांत काकूंनी तिथे एकही सिनेमा धड पाहिला नाही. पाहिली ती नुसती शिवण.

बाराव्या वर्षी महोत्सवाला खरंखुरं सभागृह मिळालं, एकसंध पडद्याचं. उद्घाटनाच्या दुपारी सिनेमे करणाऱ्यांचा आणि इतकी वर्षं हातभार लावणाऱ्यांचा सत्कार ठरला. यादीत खुर्च्या देणारा मंडपवाला होता, फुकट चहा पाजणारा कॅन्टीनवाला होता आणि काकूही होत्या. काकूंचा सत्कार पोस्टवालीच्या हस्ते होता.

"मी नाही येत. माझं हसं होईल," काकू म्हणाल्या. त्या चुण्यांची गोष्ट सर रंगवून सांगणार, याची त्यांना खात्री होती. पण त्याचं एवढं नव्हतं. त्या मुलीच्या डोळ्यांत बघायचं कसं?

जाऊबाईंनी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

सरांनी चुण्यांची गोष्ट सांगितलीच, आणि सभागृह खो खो हसलं. काकू मान खाली घालून मंचावर उभ्या राहिल्या. पोस्टवालीने त्यांच्या हातात फुलझाडाची कुंडी दिली आणि माइक घेतला.

"बाहेरगावी लोक मला विचारतात, तुमच्या सिनेमात मधली जागा नेहमी मोकळी का असते? माणसं अशी दोन बाजूंना का? मी एकटेपणावर वगैरे काहीतरी मोठं बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर ह्या काकू आहेत. मध्ये शिवण आहे हे ठाऊक असायचं, म्हणून दुसऱ्या सिनेमापासून मी मध्ये कुणाला बसवलंच नाही. तीच सवय लागली."

लोक पुन्हा हसले, टाळ्या वाजल्या. काकूंना हसू येईना.

"आणि पहिला?" त्यांनी हळूच विचारलं. "तू रडत बाहेर गेलीस तो? तुझ्या आईचा चेहरा मी चिरला गं."

पोस्टवालीने माइक खाली केला. "काकू, आई जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. एवढी मोठी, बोलताना दिसली, म्हणून मला बसवेना. शिवणीकडे लक्ष होतं कुणाचं?"

अकरा वर्षं जाऊबाईंना पोस्टात पिटाळलं ते उगाचच. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

"काकू, दोन शब्द बोला," सर म्हणाले.

"बोलायला मला कुठे येतं? हिच्या आईचा सिनेमा लावा. इथे, ह्या पडद्यावर. एकदा तिला सबंध बघू दे."

सिनेमा सरांच्या पेटीत होताच. दिवे मालवले. दोघी पहिल्या रांगेत शेजारी बसल्या, कुंडी काकूंच्या मांडीवर. मटार सोलणारी बाई पडद्यावर आली, कपाळापासून हनुवटीपर्यंत अखंड. नाक लेकीसारखंच, जरा फेंदारलेलं. डाव्या गालावर तीळ. त्या दिवशीही तो तीळ शिवणीच्या शेजारीच होता, पण काकूंना दिसलाच नव्हता.

शेवटी आईने शेंगांची परात बाजूला सारली आणि थेट समोर पाहिलं. "पुरे झालं आता. ठेव तो कॅमेरा आणि जेवून घे."

पोस्टवालीने काकूंचा हात घट्ट धरला. हे वाक्य पहिल्या वर्षीही सिनेमात होतं. काकूंनी ते आज ऐकलं.