सेराफीनचा बाक

साठी उलटली तरी सेराफीन घरात लहानच धरली जायची. आई असेतो कुणी तिला काही विचारत नसे, आणि भावांच्या भांडणात तर नाहीच नाही. वडील केव्हाच गेले होते. कुरणाच्या कडेला एक बाक होता. तिथून म्हातारी काठी आपटायची, "पुरे!" म्हणायची, की पन्नाशीतले ते दोन धटिंगण निमूट हात खाली सोडायचे. माझ्यासारख्या नटाला हेवा वाटावा असा तो आवाज होता!

म्हातारी या हिवाळ्यात गेली.

जूनमध्ये गुरं डोंगरावर चढवली. त्या दिवशी आमच्याकडे गाई आपापसांत झुंजतात. जिंकेल ती उन्हाळाभर कळपाची राणी. या दोन भावांच्या गाई, प्रॉस्परची काळी आणि सिप्रियाँची तपकिरी, भिडल्या. कवट्या आदळल्या, आणि काळीची मान फाटून गवतावर रक्त सांडलं.

"शिंगं घासून टोकदार करून आणलीस, हरामखोरा!" प्रॉस्पर ओरडला.

"तुझी गाय तुझ्यावर गेलीय. नुसतं पोट सुटलंय!"

प्रॉस्परचा ठोसा सिप्रियाँच्या नाकावर बसला. मी जन्मभर नाटकांत खोट्या मारामाऱ्या केल्या. त्यांचा आवाज विंगेतून यायचा, इथे तो हाडातून आला. सिप्रियाँनं काठी उचलून भावाच्या कानशिलात हाणली, आणि तो कोसळल्यावरही हाणतच राहिला. आम्ही सगळ्यांनी सवयीनं बाकाकडे पाहिलं.

सेराफीननंही पाहिलं. बाक रिकामा होता. मग सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

ती पुढे गेली. "सिप्रियाँ, पुरे."

"तू कोण गं ताई मध्ये बोलणारी?" त्यानं उगारलेली काठी तिच्याच कपाळावर बसली. भुवई फुटली. तिनं ती काठी हिसकली आणि त्याच्या बोटांवर, खांद्यावर हाणत त्याला खाली बसवलं.

"बरं केलंस," जमिनीवरून प्रॉस्पर रक्ताळलेल्या दातांनी हसला.

तिनं त्यालाही एक ठेवून दिली.

"आईनं असं कधी मारलं नव्हतं," सिप्रियाँ कण्हला.

"तिला तुम्ही भीत होता. मला कोण भितंय?"

मग ती बाकावर टेकली, आयुष्यात पहिल्यांदाच. रक्त डोळ्यात उतरत होतं.

"कुणीतरी डोळा पुसा रे माझा."

दोघे लंगडत आले.

"माझा रुमाल स्वच्छ आहे," सिप्रियाँ म्हणाला.

"तुझा? नाक शिंकरलेला? हो बाजूला!"

"पुरे," ती हळूच म्हणाली.

दोघांनी हात खाली सोडले.