टिंबानंतरचं शून्य

"सिस्टीमने खोटं का बोलायचं?" मी टेबलावर हात आपटला.

"ताई, खरं बोलली म्हणून तर तुमचा प्रोग्राम अडला!" निमिष म्हणाला. निमिष म्हणजे आमचा डिग्रीवाला इंजिनीअर. अडलेला प्रोग्राम माझा, आयुष्यातला पहिला, एका लॅबचे रिपोर्ट छापणारा. तो तसाच ठेवून सिस्टीमलाच खोटं बोलायला लावायचं, असा निमिषचा हट्ट.

भांडण पुढे सांगते. अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसातले किस्से जुन्या फ्लॉप्यांसारखे. फेकवत कुणालाच नाहीत, आणि खोक्याचं झाकण काही लागत नाही!

आधी लॅबच्या कोकिलाबेन. नवा कॉम्प्युटर, कोरी सिस्टीम, आणि पडद्यावर माझा प्रोग्राम म्हणतो, "तुमची सिस्टीम जुनी आहे." बेनचा फोन आला, "ताई, काल आलेल्या मशीनला तुमचा प्रोग्राम डोसी कहे छे!"

"म्हातारी म्हणू नका," मी म्हटलं, "इकडे लागतं!"

चूक माझीच. जुन्या सिस्टीमचा नंबर होता ३.१०. मी प्रोग्रामला शिकवलं होतं, टिंबाआधी किमान तीन हवेत, टिंबानंतर किमान दहा. नवी आली ती ४.०. चार ठीक, पण पुढे शून्य! नापास!

मालक हर्षदभाई माझ्याकडे बघत पोट धरून हसले. "बेन, चौथीत गेलेल्या पोराकडे तिसरीचे मार्क मागो छो?"

निमिषचा तोडगा असा, की जुन्या प्रोग्रामने विचारलं तर सिस्टीमने सांगायचं ३.९५. तीनही झाले, दहाच्या वरही गेलं!

"म्हणजे वय चोरायचं? आमच्या तरसालीच्या वहिनी कित्येक वर्षं एकोणपन्नासच्याच आहेत!" मी म्हटलं.

हर्षदभाईंचे उपकार मात्र मी विसरणार नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन मॅन्युअल वाचत शिकलेली मी, बावन्नाव्या वर्षी नोकरी मागायला गेले. फॉर्मवर वय आणि डिग्री, दोन्ही रकाने कोरे. त्यांनी फॉर्म पाहिलासुद्धा नाही. चुकलेल्या प्रोग्रामचा कागद पुढे सरकवला, "आमां भूल शोधी आपो." दहा मिनिटांत चूक सापडली. "काले आवजो!" म्हणाले. ‘उद्या या’ सांगणारे ते दोन शब्द मी अजून जपलेत.

तर, त्या भांडणात निमिष शेवटी वैतागला. "खऱ्या नंबरावर प्रोग्राम अडतो, खोटा तुम्हाला चालत नाही. मग प्रोग्रामने सिस्टीमला विचारायचं तरी काय?"

हर्षदभाई दारात येऊन उभे होते. माझ्या प्रोग्रामला हवं होतं एवढंच, की सिस्टीमला अक्षरं हव्या त्या मापात छापता यावीत. त्यांच्याकडे बघत मी म्हटलं,

"वय नाही विचारायचं. काम येतं का, एवढंच विचारायचं."