हिरवा गोल

बदल न आवडणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण बदल करणाऱ्याला घरी बोलावून, पाटावर बसवून जाब विचारावा असं मनापासून वाटणारा माणूस मी एकच पाहिला. माझ्या बायकोचे मुरुडचे मामा. नारळाची वाडी, पर्यटकांना द्यायच्या दोन-तीन खोल्या आणि एक फोन, एवढ्यावर त्यांचा कारभार चाले. त्यातल्या फक्त फोनशी त्यांचं वैर होतं. अपडेटची सूचना आली की ते फोन उपडा घालून त्यावर नारळ ठेवत. "दाबून ठेवलाय. बघू कसा वर येतोय."

तरी एका सकाळी फोन बदललाच. पूर्वी हिरव्या गोलावर बोट टेकवलं की बोलणं सुरू होई. आता तो गोल बाजूला सरकवायचा होता, आणि हे मामांना कुणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून थांबत, खोल्या रिकाम्या राहत, आणि मामा शहाळ्यात पाणी किती ते बघावं तशा त्या गोलावर टिचक्या मारत बसत. अखेर ते बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काका, बिघाड नाही, नवीन डिझाइन आहे."

"माझ्या घराचं दार उचलून दुसऱ्या भिंतीत बसवलंस, तर त्याला बी डिझाइनच म्हणशील काय?"

दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा मी शिकवणी घेतली. मी माजघरातून फोन करायचा, त्यांनी ओसरीवर उचलायचा. ते बोट इतक्या जोरात ओढत की फोनच खाली पडे. शेवटी एकदाचं जमलं.

"कोन बोलतंय?"

"मी, मामा."

"बोला जावयबापू. जेवलात काय?"

आम्ही नुकतेच एका पंगतीतून उठलो होतो.

निघताना म्हणाले, "रोज संध्याकाळी एक फोन करत जा. सराव न्हाय ऱ्हायला तर बोट विसरंल." तेव्हापासून मी पुण्याहून रोज फोन करतो. नारळाचा भाव, वारा, जेवणात काय. त्याच वर्षी मामी गेल्या होत्या आणि संध्याकाळी त्या घरात बोलायला कुणी नसे, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

परवा न कळवता गेलो. मामा ओसरीवर केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत होते. फोन वाजला. न बघताच त्यांनी अंगठ्याने गोल सरकवला, खोली ठरवली, वर तिचे फोटोही पाठवले. मान वर केली तर मी उभा.

ते चहा टाकायला आत गेले.

"अजून बोट मधीच अडकतंय हां," पाठमोरेच म्हणाले.

"मग सराव चालू ठेवू या, मामा," मी म्हणालो.