पोचल्याचा फोन

आमच्या थोरल्या साडूंनी आजवर जितक्या माणसांना सुखरूप घरी पोचवलंय, तितक्यांना एसटीच्या कुठल्या ड्रायव्हरनेही पोचवलं नसेल. आणि तेही लालबागच्या खोलीतून न हलता, नुसत्या फोनवर. कुणीही कुठेही निघालं की साडू म्हणणार, "पोचलास की फोन कर." हे वाक्य तुम्हीआम्हीही म्हणतो, पण म्हणून विसरतो. साडू विसरत नाहीत. माणूस पोचल्याचं कळेपर्यंत ते जेवत नाहीत, झोपत नाहीत, आणि दुसऱ्यांनाही ते सुख लाभू देत नाहीत. मी गिरगावात राहतो. लालबागहून गिरगाव म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. तरी बस भायखळ्याच्या पुलावर चढते न चढते तोच यांचा फोन, "पूल आला काय?" एकदा मी घराखालच्या पानवाल्यापाशी पाच मिनिटं रेंगाळलो, तर यांनी तेवढ्यात माझ्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला फोन करून खिडकीतून खाली बघायला लावलं होतं.

हा स्वभाव म्हणावा की नोकरीची सवय, देव जाणे. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत त्यांनी पस्तीस वर्षं काढली. ओंडके भरून ट्रक निघाला की त्याची वेळ लिहायची आणि तो ठिकाणावर पोचल्याचा निरोप येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हे त्यांचं काम. मालकाने एकदा सहज म्हटलं होतं, "अहो, गाडी जाते ती पोचतेच." साडू म्हणाले, "शेठ, ज्याची गाडी असते तो असं बोलत नाही." मालक खुर्ची ओढून शेजारीच बसला, कारण गाडी त्याचीच होती.

पुढे ते निवृत्त झाले, त्यांची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यातच साडूंना खोली मिळाली, आणि तिसऱ्या मजल्यावरची बाकीची माणसं विरार, डोंबिवली, कोकण अशी पांगली. खोल्या गेल्या तरी खोल्यांचे नंबर तेवढे राहिले. 'तिसरा मजला' नावाचा त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर आजही कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. साडू सोळा नंबर. डोंबिवलीला गेलेल्या वहिनी सतरा नंबर. माझा त्या मजल्याशी संबंध मेव्हणीच्या हातचं जेवण्यापुरता, पण मलाही त्यांनी आत घेतलं. कारण असं की साडू ग्रुपवर गाऱ्हाणं घालतात आणि त्याला साथ द्यायला जितकी माणसं तितकी थोडीच. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. एकाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. चाळीच्या गणपतीत हा मान साडूंचा. आता कुणाच्या नातवाची परीक्षा असो की कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, साडू गाऱ्हाणं टाइप करतात आणि आम्ही आपापल्या गावी बसून "व्हय म्हाराजा" टाइप करतो.

पण त्यात रंग भरत नसे, कारण पंधरा नंबर उत्तर देत नसे. पंधरा नंबर म्हणजे साडूंचा भिंतीपलीकडचा मित्र. एकाच शाळेत गेलेले, एकाच वर्षी लग्न केलेले. त्याचा "व्हय म्हाराजा" असा निघायचा की मखरातले दिवे थरथरायचे. चाळ गेल्यावर तो कायमचा गावी राहायला निघाला. साडूंनी एसटीच्या खिडकीतून त्याचा हात धरून सांगितलं, "पोचलंस की फोन कर." आणि तो विसरला. दहा वर्षं बंद असलेलं घर उघडायचं, त्यात माळ्यावर निघाली धामण, माणूस विसरणारच. इकडे साडूंनी अकरा फोन केले, मग डेपोत केला, मग सरपंचाला, आणि शेवटी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या वाडीसमक्ष एक हवालदार अंगणात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मुंबयसून गायब झालेलो माणूस तो तूच काय रे?"

पंधरा नंबरचा फोन आला, पण तो पोचल्याचा नव्हता. "मी काय हरवलेलो बैल आसंय?" तो ओरडला. "एक फोन करूक हात मोडले हुते?" साडू ओरडले. एवढंच. त्यानंतर दोन वर्षं दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. पंधरा नंबरने ग्रुप सोडला नाही, पण लिहिलंही काही नाही. साडू मात्र काहीही टाकलं की ते कुणी कुणी वाचलं याची यादी उघडून बसत. "बघितल्यान," असं पुटपुटत आणि फोन उलटा ठेवत. मला त्यांचा फार राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

अशात त्यांनी पेपरात त्या बाईची बातमी वाचली. सत्तरीची बाई, कुठल्याशा थंड देशातली, छोट्याशा एका इंजिनाच्या विमानातून एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघाली होती. तिच्या वयाच्या कुठल्याच बाईने आजवर ते केलं नव्हतं. विमान कुठे आहे ते इंटरनेटवर नकाशातला एक लाल ठिपका दाखवायचा. साडूंना आणखी काय हवं? ज्यांना निरोप द्यायचा ती माणसं केव्हाच आपापल्या ठिकाणी पोचून बसली होती, आणि हे हातात फोन घेऊन रिकामे. त्या दिवसापासून ती 'आमची बाय' झाली. सकाळी सहाला ग्रुपवर वर्दी, "बाय उठली. उडाली." दुपारी, "वारो उलटो हा. सगळ्यांनी लक्ष ठेवा." आम्ही डोंबिवलीत आणि गिरगावात बसून लक्ष ठेवून नेमकं काय करायचं, हे विचारायची सोय नव्हती. सतरा नंबरच्या वहिनींनी एकदा भीत भीत लिहिलं, "एवढे तास ती बाथरूमला कशी जाते हो?" साडूंनी उत्तर दिलं, "तुम्ही नकाशा बघा."

शेवटचा समुद्र ओलांडायचा तो रविवार होता. तो ओलांडला की विक्रम तिचा. मी आणि बायको लालबागला जेवायला गेलो होतो. मटणाचा वास जिन्यापर्यंत आला होता, आणि साडू देवासमोर टॅब मांडून बसले होते. अकराच्या सुमारास ठिपका थांबला. खाली नुसतं निळं पाणी, आणि ठिपका हलेना. बारा वाजले, साडेबारा वाजले. मी म्हटलं, "भाऊ, रेंज गेली असेल." त्यांनी टॅबची काच पुसून पाहिली. मेव्हणीने पानं घ्यायला सुरुवात केली तर म्हणाले, "नको गो. बाय पोचांदे."

मग त्यांनी फोन घेतला आणि एका बोटाने गाऱ्हाणं लिहायला लागले. "बा देवा म्हाराजा, ही जी बाय आज एकटीच दर्यावरून चाललीहा, तिची वाट मोकळी कर रे म्हाराजा." वहिनींचं लगेच आलं, "व्हय म्हाराजा." मी त्यांच्या शेजारी बसून टाइप केलं, "व्हय म्हाराजा." त्यांनी पुढे लिहिलं, "तिची वाट बघणारो कोण तरी खंय बसलो आसतलो, तेका जास्त थांबवू नको रे म्हाराजा." आणि पंधरा नंबरच्या नावाखाली 'टायपिंग' अशी अक्षरं दिसली. गेली. परत दिसली. साडूंनी माझं मनगट धरलं होतं. शेवटी आलं, "व्हय म्हाराजा." ते वाचताना मला चाळीच्या गणपतीतला तो जुना आवाज आला, खोटं सांगत नाही.

सव्वाला ठिपक्याने उडी मारली ती थेट जमिनीवर. रेंजच गेली होती. ग्रुपवर फुलांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्यात पंधरा नंबरचं एक ओळीचं आलं, "बाय पोचली." थोड्या वेळाने दुसरी ओळ आली, "मीय पोचलंय."

साडू ती ओळ किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी लिहिलं, "बरा झाला. जेवलंस?" फोन ठेवला आणि मेव्हणीला म्हणाले, "तुमी जेवून घेवा. माका झोप येता गो." न जेवता आत जाऊन आडवे झाले. आम्ही संध्याकाळी निघेपर्यंत उठले नाहीत, आणि कुणी उठवलंही नाही.

बस भायखळ्याच्या पुलावर चढली, उतरली, फोन वाजला नाही. रेंज आहे का म्हणून मी दोनदा बघितलं. इतकी वर्षं त्या फोनला मी शिव्या घातल्या आणि त्या संध्याकाळी त्याच्यावाचून घर लांब लांब वाटत राहिलं. दार उघडून आत गेलो आणि, कुणी विचारलं नव्हतं तरी, ग्रुपवर लिहिलं, "पोचलो." लगेच पंधरा नंबरने विचारलं, "सोळा नंबर खंय?" मी लिहिलं, "दुपारपासून झोपलेत."

"झोपांदे तेका," त्याने लिहिलं. "मी आसंय जागो."