पुढच्या तारखांवरच्या टिकल्या

सुरुवात लोहगावकर बाईंपासूनच करायला हवी. त्या नसत्या तर मी आज वडिलांसारखा मेंढरांमागे असतो. त्यात कमीपणा काही नाही, पण आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. जिंतूरला नववीत असताना मी विज्ञानाच्या प्रयोगवहीत मागच्या वर्षीच्या मुलाची रीडिंग्ज उतरवली होती. सगळेच उतरवायचे. बाईंनी फाडली ती फक्त माझी वही. म्हणाल्या, "बालाजी, तुला पुढं जायचंय. डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही." तेवढ्या एका वाक्यावर मी बी.एस्सी. झालो, क्लिनिकल रिसर्चचा कोर्स केला आणि नोकरीला लागलो.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो, पण माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता असं लिहीत नाही... आजही नाही. फिट म्हणजे बाहेरची बाधा नाही, मेंदूचा आजार आहे, कांदा-चप्पल हुंगवू नका, दातखीळ उघडायला चमचा घालू नका... हे मी परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी ओसऱ्यांवर बसून सांगितलंय. माझं कामच ते.

आमची नव्या औषधाची चाचणी अशा रुग्णांसाठी होती, ज्यांच्या फिट्स दोन-तीन औषधं देऊनही थांबत नाहीत. जुनी औषधं चालूच ठेवायची आणि वर एक नवी गोळी. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नसतं, मलाही नाही. दर पंधरा दिवसांनी घरी जायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि डायरी तपासायची. डायरी म्हणजे महिन्याचं एक पान, तारखांच्या चौकटी. ज्या दिवशी फिट आली त्या चौकटीत खूण करायची.

रेणुका (नाव बदललंय) एकोणीस वर्षांची. गाव पोखर्णीच्या पुढं, लहानसं. घरात मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. लहानपणी फिट येऊन ती चुलीवर पडली होती, डावा हात कोपरापर्यंत भाजलेला. तिची आई गयाबाई हिला अक्षरओळख नाही, म्हणून ती पेनाऐवजी स्वतःच्या पाकिटातली टिकली चिकटवायची. मोठी फिट असली तर मोठी टिकली, नुसती तंद्री लागली तर बारीक. डॉक्टरांनी चालेल म्हटलं होतं.

वडील मारोतराव ओसरीवर बसून माझी चेष्टा करायचे. "बापानं मेंढरं मोजली, तुमी गोळ्या मोजायलाव. धंदा तोच की."

रेणुकाला एकच हवं होतं. "फिटा थांबल्या की मी एकटी मेंढरं नेणार, दादा. आई पाठीमागं नको. माळावर गेलं की सारखी हाका मारती, मेंढरंबी हसत्यात मला."

पहिल्या महिन्याचं पान टिकल्यांनी भरलेलं होतं. चौथ्या महिन्यात मोजून पाच. पाचव्या महिन्यात पाच तारखेला गेलो, डायरी उघडली आणि थांबलो. पुढच्या चार तारखांवर आधीच टिकल्या होत्या. आठ, बारा, सोळा आणि एकवीस. एकवीसवरची मोठी.

"मावशी, हे काय?"

"म्या न्हाई लावल्या. तिनंच. फिट येऊन गेली की उठती, पाकीट घेती अन् लावती."

"मला काईच आठवत न्हाई, दादा," रेणुका म्हणाली. "आईच म्हणती."

मला वाटलं, कळलं. तपासणीला कुणी येणार म्हटलं की रजिस्टरचे पुढचे रकाने आधीच भरून ठेवायचे, हे आमच्या भागात कुणाला नवं नाही. साहेबाला बरं वाटावं म्हणून. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं – डायरी अंदाजाने आगाऊ भरलेली, विश्वासार्ह नाही. नियमाप्रमाणे पानाचा फोटो काढून पाठवला. फोटोवर तारीख-वेळ आपोआप उमटते.

गयाबाई माझ्या पेनाकडे बघत होती. "दादा, आमचं नाव कापू नका. लेकरू आत्ता कुठं सुधारायलंय."

"मी कापणारा कोण, मावशी?" मी म्हणालो.

दोन आठवड्यांत नाव कापल्याचा मेल आला. गोळी एकदम बंद करता येत नाही, हळूहळू कमी करावी लागते. ते वेळापत्रक समजावून द्यायचं आणि डायरी परत आणायची, यासाठी ऑफिसनं मला तारीख दिली. एकवीस.

ही तारीख मी निवडली नव्हती. एसटीत बसल्यावर फोनमधला तो फोटो पाहिला तेव्हा लक्षात आलं.

पोचल्या पोचल्या विचारलं. गयाबाई म्हणाली, "आल्या की. आठला, बाराला, सोळाला. जिथं टिकली तिथंच." मला वाटलं, बाई आपलं म्हणणं रेटतेय. डायरी घेतली, लिफाफ्यात घालून बॅगेत ठेवली.

पाऊण वाजता, भर उन्हाच्या वेळी, रेणुका ओसरीवर ज्वारी निवडत असताना सूप हातातून सुटलं. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी बॅग सरकवली, घड्याळ लावलं. दोन मिनिटं दहा सेकंद. थोड्या वेळानं ती उठली. डोळे उघडे, पण आम्ही तिला दिसत नव्हतो. फळीवरून टिकल्यांचं पाकीट घेतलं. डायरी तर माझ्या बॅगेत... ती सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. एकेक टिकली लावत गेली. अडखळली नाही, मोजलं नाही. पान उलटलं, पुढच्या महिन्यातही लावल्या. एकूण सात. शेवटची एकोणीस तारखेवर. मग पाकीट जागेवर ठेवून आडवी झाली.

गयाबाईनं पुढची पानं उलटून पाहिली, पार दिवाळीपर्यंत. "एवढ्याच? पुढं समदं कोरं हाय की."

मारोतराव उठून जवळ आले. "बघा. तुमी नाव कापलं तरी लेकरू बरं व्हायलंय."

मला लय साखरेचा चहा मिळाला. रेणुका जागी झाली, तिला सांगितल्यावर ती हसायलाच लागली. "मंग एकोणीसच्या नंतर मी एकटी जाणार. तुमी साक्षीला हाव, दादा."

मी हो म्हणालो.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. काही बायकांच्या फिट्स पाळीच्या चक्राप्रमाणे येतात, तिच्या मनाला तो ठेका कळत असेल, म्हणाले. मलाही ते पटलं. एकदा बाहेर काढलेल्याला चाचणीत परत घेता येत नाही, हेही म्हणाले.

त्यानंतर मी टिकलीच्या प्रत्येक तारखेला संध्याकाळी फोन करायचो. सहा वेळा मारोतरावांनी तेच उत्तर दिलं, "आली." एकोणीसला केला तेव्हा म्हणाले, "दुपारी आली, मोठी. आता झोपलीय. आजची शेवटची म्हणायची."

वीस तारखेला सकाळी त्यांचाच फोन. "दादा, पोरगी उठंना."

पालथी झोपलेली होती. ज्यांच्या फिट्स आटोक्यात येत नाहीत त्यांच्यात असा अचानक मृत्यू कधीकधी होतो. संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं, मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. म्हणजे मरणाला कारण आहे. कोऱ्या चौकटींना नाही. पाळीचा ठेका पुढची फिट सांगेल. फिट्स येणारच नाहीत हे कसं सांगेल?

रेणुकाला खरं औषध मिळत होतं की साधी गोळी, तेही मला माहीत नाही. चाचणी संपेपर्यंत ते उघडत नाहीत. भेटायला गेलो तेव्हा गयाबाईनं कॅलेंडर माझ्या हातात दिलं. "तुमीच ठिवा. मला ती कोरी पानं बघवंनात."

त्या आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं. ते जसंच्या तसं देतो.

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.
तुमचं सांगणं मी एकदा मोडलं. पुढच्या चार तारखांवर टिकल्या आहेत, एवढंच मी पाहिलं होतं. त्या खोट्या आहेत हे पाहिलं नव्हतं, तरी लिहिलं. पाहिलं तेवढंच लिहिलं असतं तर कुणीतरी विचारपूस केली असती, एक मुलगी चाचणीत राहिली असती. वाचली असती असं मी म्हणणार नाही, कारण तेही मी पाहिलेलं नाही.
सोबत दोन झेरॉक्स आहेत. एक डायरीच्या पानाची, दुसरी कॅलेंडरची. नावाचा भाग कापलाय. तुम्ही चष्मा लावून नीट पाहा आणि दिसेल तेवढंच मला कळवा. एकोणीस तारखेनंतरच्या चौकटी मला आता कोऱ्या दिसत नाहीत, त्यांत टिकल्या दिसतात, म्हणून विचारतोय.
आपला विद्यार्थी,
बालाजी