थोरल्या साडूंचं भांडण

माझ्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नसेल. त्यांचा राग माणसांवर कमी, वस्तूंवर जास्त. जी वस्तू स्क्रू काढून उघडता येत नाही, ती त्यांच्या लेखी शुद्ध फसवणूक. मी नवा मोबाइल घेतला तेव्हा त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि मागे एकही स्क्रू दिसेना म्हणून हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. बोदवडच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते इलेक्ट्रिशियन आहेत, तिथे एखादं सीलबंद यंत्र बिघडलं की मालक आधी बाहेर फेरी मारून येतो.

जळगावात मेहरूणच्या त्यांच्या घरात मात्र एक यंत्र असं आहे, ज्यावर ते कधीच चिडले नाहीत. खेळ खेळायचा, तळहाताएवढा कॉम्प्युटर. बनवणाऱ्यांनी त्याची सर्किटं आणि आतले प्रोग्रॅम सगळ्या जगाला खुले करून ठेवलेत. साडूंनी सुटे भाग मागवून तो घरीच जोडला, आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून त्याच्यासाठी एक खेळ लिहिला. सोनगीरचा किल्ला चढणारी शेळी. शेळी घसरली की सोनगीरला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीचा, अक्कांचा, अहिराणीत आवाज येतो, "परत पडनी? डोया फुटनात का तुना?" खेळाचा प्रोग्रॅमही त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. अट एकच होती: कोणी त्यात बदल करून वाटला, तर त्यानेही आपला प्रोग्रॅम असाच खुला ठेवायचा.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला फोनवर तोच खेळ सापडला. शेळी तीच, बुरूज तेच. अक्कांच्या जागी कोणी गोड आवाजाची बाई हिंदीत "फिर कोशिश करें" म्हणत होती, आणि दर दोन उड्यांना जाहिरात. मी कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने साडू धुळ्यात माझ्या घरी हजर. चहाला हात न लावता त्यांनी तो फोनवरचा खेळ काढणाऱ्या कंपनीला फोन लावला. बदललेला प्रोग्रॅम कुठे खुला ठेवलाय, एवढंच विचारलं. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, तुम्हीच तर फुकट दिला होता. साडूंचा आवाज एकदम खाली आला.

"फुकट नव्हता दिला. खुला दिला होता. तुम्ही कुलूप लावलं."

मग पत्रं सुरू झाली. दर आठवड्याला एक, रजिस्टर पोस्टाने, प्रत्येक पत्र आधीच्याहून तिखट. मीही चिडलो होतो. दोन मी लिहून दिली, ती त्यांना मवाळ वाटली. पावसाळा संपता संपता कंपनीने खेळ गुपचूप काढून टाकला. मी अभिनंदन करायला गेलो, तर ते माझ्यावरच उखडले. "काढा असं कोणी सांगितलं होतं? उघडा म्हटलं होतं मी."

परवा मेहरूणला गेलो, तर साडू ते यंत्र हातात घेऊन बसलेले. नंदुरबारकडच्या एका शिक्षिकेने त्यांचा खेळ घेऊन त्यात डोंगर बदलले होते, अक्कांच्या जागी आपल्या आजीकडून भिली बोलीत रागावून घेतलं होतं, आणि सगळा प्रोग्रॅम खुला ठेवून त्यांना कळवलं होतं. साडूंनी तो ओळ न् ओळ वाचला होता. भिली त्यांना कळत नाही. तरी दुपारभर ते मुद्दाम शेळी पाडत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"भाऊ, तिला उत्तर तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "मला भांडायचीच पत्रं लिहिता येतात."